साखरेची गोळी

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवलेलाच बरा. ऐकल्याबरोबर खरी वाटते ती बातमी. गोष्ट तशी नसते. माझ्या बातम्या आमच्या कळंब गावात कुणी ऐकत नाही, पण गोष्टीला बसलो की ओटा पुरत नाही. एकोणनव्वद साली माझ्या मेंढ्यानं मला ढुशी मारली, तेव्हा मी पाटाच्या अलीकडे पडलो आणि माझे सगळे दात पाटाच्या पलीकडे सापडले, ही गोष्ट तर इंदापूरच्या बाजारात मला न ओळखणारी माणसं मलाच सांगतात. तो मेंढा गेला, मेंढरंही गेली, आता रानात ऊस आहे. गोष्टी मात्र होत्या तशा आहेत.

परवा दिवस कलताना सावळाराम ओट्यावर आला. बसला, खिशातून बाटली काढली आणि दोन गोळ्या तळहातावर ओतल्या.

"आबा, जरा तांब्या द्या हिकडं."

"दोन रं कशाला?"

"एक कालची, एक आजची. लेकीकडं सोमेश्वरनगरला गेलतो, बाटली घरीच ऱ्हायली. दाबाची गोळी हाय. डॉक्टर म्हणला, एक दिवस चुकवायची न्हाय."

"मग चुकली की."

"म्हणून तर भरून काढतोय."

'भरून काढतोय' हे शब्द माझ्या कानावर पडले. हेच शब्द मागे एकदा एका माणसाच्या जिवावर आले होते. मी तांब्या उचलला आणि मांडीमागे ठेवला.

"पाणी गोष्ट झाल्यावर."

पलीकडे मानसिंग बसला होता. तो ट्रॅक्टर चालवतो आणि ट्रॅक्टर बंद असला की तोंड चालवतो. तो म्हणाला, "झालं! सावळाराम, आता उद्याचीबी गोळी हितंच घ्यावी लागंल तुला."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही आणि सुरुवात केली.

आमच्या शेजारच्या वस्तीवर हिंदुराव राहतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाटकरी म्हणून त्याची हयात गेली. पाटाचं पाणी आज कुणाच्या रानात, उद्या कुणाच्या, कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं, हे त्याच्या हातात. पण माणूस सरळ. कुणाच्या उसाची पाळी चुकली तर पुढच्या वेळी त्याचं दार तो जास्त वेळ उघडं ठेवायचा. "राहिलेलं भरून काढायचं," हा त्याचा कायदा. या कायद्यावर त्यानं भांडणं मिटवली, भावाभावांच्या हातातली खोरी खाली ठेवायला लावली. नोकरी संपली तरी कायदा डोक्यातून गेला नाही.

मग त्याला साखर झाली. आमच्याकडे नवल ते काय म्हणा! चारी दिशांना कारखान्यांची धुराडी. थोडी साखर माणसातही उतरणारच. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज सकाळी जेवणाआधी एक गोळी घ्यायची आणि गोड खायचं नाही. ती झाली साखरेची गोळी. आमच्याकडे तापाची गोळी ताप आणत नाही, तशी साखरेची गोळी काही साखर देत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याची बायको प्रयागबाई. कुठलंही काम मुळापासून करणारी बाई. नवऱ्याला गोड नको म्हटल्यावर तिनं घरातली साखर काढली, गूळ काढला, काकवीचा डबा काढला. नातवंडं यायची तर त्यांच्या चड्डीचे खिसे उंबऱ्यावर उलटे करून बघायची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्या घरातल्या मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं. पुढे म्हाताऱ्या मुंग्या, मधे पोरं, मागे अंडी घेतलेल्या बाया, अशी रांग माझ्या ओट्यावरून गेली.

"मुंग्यांनी रामराम केला का तुमाला?" मानसिंगनं विचारलं.

"केला. तुझ्यापेक्षा वळण हाय त्यास्नी."

आता खरी चूक कुठं झाली ते ऐका. डॉक्टर म्हणाला 'जेवणाआधी'. हिंदुरावानं कायद्यानं अर्थ लावला. जेवणाआधी गोळी, म्हणजे जेवण असेल तर गोळी. नवरात्राचे उपवास बसले. उपवासाला जेवण नसतं, फराळ असतो. ताटभर साबुदाणा खाल्ला तरी त्याला जेवण म्हणायची कुणाची छाती आहे? तेव्हा जेवण नाही, गोळी नाही. घट बसल्यापासून नवमी सरेपर्यंत बाटलीचं झाकण उघडलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं बाटली हलवून पाहिली. आत खुळखुळ फार वाजली. चुलीपुढं बसलेल्या प्रयागबाईला तो म्हणाला, "अगं, लई पाळ्या चुकल्या. भरून काढतो."

तिला वाटलं रांजण. ती म्हणाली, "भरा की."

त्यानं राहिलेल्या गोळ्या मुठीत घेतल्या. पण तोही पाटकरीच. पाणी एकदम सोडलं तर बांध फुटतो, हे त्याला कुणी शिकवायला नको. म्हणून निम्म्याच तोंडात टाकल्या आणि निम्म्या संध्याकाळच्या पाळीला बंडीच्या खिशात ठेवल्या. इतका जपून वागणारा माणूस होता!

सावळाराम हसला नाही. त्याची मूठ आपोआप मिटली होती.

गोळ्या पोटात गेल्या, जेवण मात्र नाही. घट हलवायचा, नैवेद्य दाखवायचा, त्याआधी घरात कुणी घास घेत नाही. प्रयागबाईचा स्वयंपाक निवांत चालला होता. दुपार कलायला आली. वस्तीवरची सगळी माणसं सोनं लुटायला गावात देवळाकडे गेलेली. मी आपट्याची पानं घेऊन हिंदुरावाकडे निघालो. वाटेत एकही कुत्रं माझ्यावर भुंकलं नाही. माझ्यावर सगळी कुत्री भुंकतात, ओळखीची जरा जास्तच. ती गप्प बसलेली पाहून माझं मन चरकलं.

दारात पोचलो तर हिंदुराव घटापुढं मांडी घालून बसलेला. अंगातली बंडी चिंब. कपाळावरून, हनुवटीवरून घाम टपटप गळत होता आणि घटाखालच्या मातीत जिरत होता. हात थरथर कापत होते. मी म्हणालो, "हिंदुराव, सोनं घ्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अरे, माणूस आपल्याकडे बघतो आणि आपण त्याच्या डोळ्यांत नसतो, हे कधी अनुभवलंय का? जन्माचा शेजारी, आणि मी त्याला दिसतच नव्हतो. त्यानं माझ्या हातातली पानं घेतली आणि कपाळाला लावायची सोडून तोंडात कोंबली. कराकरा चावायला लागला, देठासकट. हिरवा रस ओठांवरून खाली आला.

तेवढ्यात पाटापलीकडची छबूबाई सोनं द्यायला आली. तिनं हे पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवून तिथंच लोटांगण घातलं.

"आली गं बया! घट उठायच्या आत आली! प्रयागे, कुंकू आण, देवी आलीया!"

आता तुम्हीच सांगा, नऊ दिवस उपवास केलेला माणूस, पुढे घट, अंगाला कापरं आणि डोळे फिरलेले. दुसरं काय वाटणार? मलाही तेच वाटलं. मी चपला काढल्या. प्रयागबाईनं हळदीकुंकवाचं ताट आणलं, नवऱ्याच्या कपाळाला मळवट भरला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "ही कोण बाई?"

ती तशीच वाकलेली राहिली. तिच्या हातातलं ताट कलंडलं आणि कुंकू जमिनीवर सांडलं.

छबूबाईनं हात जोडून विचारलं, "आई, आमचं काय चुकलं? काय पायजे तुला?"

"दार उघडू का?" हिंदुराव जड जिभेनं बोलला. दारू प्यालेल्या माणसासारखे शब्द एकमेकांवर पडत होते. "पाणी सोडू का? समद्यावर पाणी सोडू का?"

"नको गं आई!" छबूबाई ओरडली. "लेकरं बाळं बुडतील!"

"पाळी चुकली... पाळी चुकली..."

"कुणाची चुकली? कोण चुकलं, नाव सांग!"

ती नाव विचारत राहिली, मी कापूर शोधत राहिलो आणि तो आमच्या देखत खाली खाली चालला होता. विहिरीत पडलेल्या माणसाला आम्ही काठावर उभं राहून नाव-गाव विचारत होतो.

मग तो डुलता डुलता एका बाजूला कलंडला. बंडीच्या खिशातून चार-दोन पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या आणि सांडलेल्या कुंकवात जाऊन थांबल्या. प्रयागबाईनं एक उचलली. कुंकू पुसलं. रिकाम्या होत आलेल्या बाटलीकडे पाहिलं. सकाळचं 'भरून काढतो' तिला तेव्हा समजलं.

"आबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज माझ्या ओळखीचा राहिला नव्हता, "ही देवी न्हाय. ह्यांनी राहिलेल्या गोळ्या खाल्ल्या."

मी धावत बाहेर आलो. बांधावरून वस्तीवरचा पोरगा म्हस्कू त्याच्या लुनावर गावाकडे निघाला होता. त्याला अडवलं. गावात फोन एकच, दूध डेअरीत. "बारामतीच्या डॉक्टरला फोन लाव, म्हणावं साखरेच्या गोळ्या लई गेल्या पोटात, माणूस चाललाय," एवढं सांगून त्याला पिटाळला.

म्हस्कू गेला आणि मग वाट पाहणं आलं. हिंदुरावाचं बोलणं थांबलं. बडबडत होता तोवर भीती वाटत होती. गप्प झाला तेव्हा कळलं की आधीची भीती म्हणजे काहीच नव्हती. हात लावला तर अंग गार आणि ओलं, पाटातल्या दगडासारखं. प्रयागबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "अवं, बघा की हिकडं. अवं, मला वळखलं न्हाय तरी चालंल, पर बघा." उसाची पानं सळसळत होती, ती पण थांबली. मला स्पष्ट आठवतं, वारा पडला आणि सगळं शिवार हिंदुरावाचा श्वास मोजायला उभं राहिलं.

आणि लुनाचा आवाज आला. म्हस्कू पाण्याच्या चारीच्या पलीकडूनच बोंबलत होता. "साखर... गोळी... डॉक्टर म्हणतुया लगीच द्या! साखरेची गोळी!"

त्या घरात साखरेची गोळी म्हटल्यावर एकच वस्तू होती. प्रयागबाईनं बाटली उपडी केली, गोळी घेतली, नवऱ्याचे ओठ बोटांनी उघडले आणि गोळी जिभेवर ठेवली. छबूबाई तीर्थाची पळी घेऊन वाकली.

"आई शप्पत," मानसिंगच्या तोंडून गेलं.

म्हस्कू चारीवरून उडी मारून अंगणात आला आणि बाटली बघताच पांढरा पडला. "ती न्हाय! ती न्हाय गं काकी! डॉक्टर म्हणला साखर द्या, न्हायतर लिमलेटची गोळी द्या, काय बी गोड द्या! ही दिली तर मेला म्हणून समजा!"

पळी छबूबाईच्या हातातून पडली. प्रयागबाईनं नवऱ्याच्या तोंडात बोट घातलं. त्याच क्षणी त्याचे जबडे आवळले. तिचं बोट दातांत सापडलं. बाई ओरडली नाही. रक्त आलं तरी आत चाचपत राहिली आणि गालाच्या कडेला चिकटलेली गोळी नखानं ओढून बाहेर काढली.

"आता साखर आणा," म्हस्कू म्हणाला.

कुठली साखर? डबे रिकामे, फडताळ रिकामं. दसऱ्याच्या दिवशी त्या चुलीवर पुरण नव्हतं, वरण होतं. प्रयागबाईनं स्वतःच्या हातानं घर धुऊन काढलं होतं. माझ्या घराला कुलूप, किल्ली देवळाकडे गेलेल्या घरच्यांकडे. छबूबाईच्या घरी गूळ होता, पण तिची वस्ती पाटापलीकडे. म्हस्कू लुना वळवून तिकडे पळाला, तरी तो परत येईपर्यंत हिंदुराव राहतो कुठला! त्याच्या घशातून घुरघुर यायला लागली होती. दाराबाहेर बघावं तिकडे ऊस. अर्ध्या मुलखाला चहा पुरेल एवढी साखर कांड्याकांड्यांत उभी, आणि माणूस चिमटीभर साखरेवाचून मरत होता.

मग काय, मी उठलो. एका उडीत अंगण ओलांडलं, दुसऱ्या उडीत बांध. ऊस मुळासकट उपटला. कोयता शोधायला वेळ कुणाला! कांडं आडवं तोंडात धरलं आणि दातांनी सोललं. कडाकड, कडाकड! कारखान्याचा चरक काय गाळील असा मी तो ऊस गाळला. एका चावात पेर फुटायचं. रस वाटीत धरायचा, चोथा थुंकायचा, पुढचं कांडं. प्रयागबाई पदराचा बोळा रसात बुडवायची आणि त्याच्या गालाच्या आतून फिरवायची. ओतायचा नाही, नुसता पुसायचा. ओतला असता तर श्वासात गेला असता. थेंब थेंब. पुन्हा थेंब. माझे जबडे दुखून आले, हिरड्यांतून रक्त आलं, पण थांबलो नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. हिंदुरावाची जीभ हलली. बोळा चाटला. मग गिळला. घाम पुसला तो पुन्हा आला नाही. पापण्या उघडल्या, डोळे फिरले आणि जागेवर आले. अंगणभर पडलेल्या चोथ्याकडे बघून त्यानं पहिलं वाक्य काय बोलावं?

"ह्यो ऊस कुणाचा? मालकाला इचारून तोडला का?"

प्रयागबाईनं तेव्हा कुठं हंबरडा फोडला.

तोवर म्हस्कू गूळ घेऊन आला, गावातून जीप आणली. एवढ्यावर सुटका नव्हती. गोळ्यांचा जोर अंगात होताच. जंक्शन गावाच्या पुढं गेल्यावर त्यानं मान पुन्हा टाकली, पुन्हा गूळ चोळला, आणि आम्ही कशीबशी बारामती गाठली. डॉक्टरनं शिरेतून साखरेचं पाणी सोडलं आणि रात्रभर बाटलीमागून बाटली लावली. हिंदुराव पडल्या पडल्या त्या नळीकडे बघत होता, पाळी नीट चालू आहे ना म्हणून.

सकाळी डॉक्टर त्याच्या उशाशी बसला. "हिंदुराव, हे पाटाचं पाणी नाही. उपवासाला गोळी टाळलीत, ते एक वेळ निभावलं असतं. भरून काढायला गेलात, ते जिवावर आलं. चुकलेली गोळी लवकर आठवली तर घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ आली असेल तर मागची सोडून द्यायची. दोन मिळून एकदम कधीच नाही. आणि काही कळलं नाही तर विचारायचं. उपवास धरायच्या आधीसुद्धा मला विचारायचं. देवी रागावली तर माझं नाव सांगा."

हिंदुराव म्हणाला, "मग चुकलेली पाळी बुडाली म्हणायची?"

"बुडाली. बुडू द्या. तुम्ही तरंगा."

सावळारामनं मूठ उघडून तळहाताकडे पाहिलं. घामानं गोळ्या ओल्या झाल्या होत्या. "पर आबा, ती साखरेची. माझी दाबाची हाय."

"दाब दुपटीनं खाली आला तर उभ्याचा आडवा हुशील. तुला वेगळा कायदा हाय व्हय?" मी म्हणालो. तो विचारात पडला. मासा गळाला लागला होता, फक्त ओढायचा राहिला होता. म्हणून मी शेवटचा झटका दिला.

"डॉक्टर दारात थांबला आणि त्यानं विचारलं, 'ऊस चावून रस काढला तो कोण? त्याच्यामुळं हा माणूस इथवर जिवंत आला.' मी पुढं झालो. ओठ फाकवून माझे बत्तीसच्या बत्तीस दात दाखवले. डॉक्टरनं बोटानं एकेक वाजवून पाहिला आणि म्हणाला, 'आबा, असले दात मी उभ्या आयुष्यात...'"

"कुणाचं दात, आबा?"

माझ्या पाठीमागून आवाज आला. विरजणाची वाटी घेऊन प्रयागबाई कधी येऊन उभी राहिली होती, मला पत्ता नाही.

"खोटं! धडधडीत खोटं!" ती म्हणाली. "मेंढ्यानं पाटापलीकडं फेकलेलं दात दसऱ्यापुरतं पवत आलतं व्हय माघारी?"

मानसिंग ओट्यावरून खाली पडायचा राहिला. प्रयागबाईनं वाटी खाली ठेवली आणि हात पुढं केला. उजव्या बोटावर दातांचा पांढरा वण होता. मग गालात बोट घालून तिनं मागची रिकामी जागा दाखवली.

"ऊस मी चावला. ही दाढ त्याच उसात गेली. आबा नुसतं वाटी धरून रडत हुतं." मग ती सावळारामकडे वळली. "ह्यांचं दात तेवढं खोटं. बाकी समदं खरं हाय, दादा. ती दुसरी गोळी ठेव बाटलीत."